सागाच्या वाटेने: बेळगाव ते कारवार

कारवारचं बंदर मोठं का झालं नाही, हा विषय बेळगावात निघाला की गप्पा लगेच रस्ते, राजकारण आणि गोवा यांच्याकडे वळतात. मला मात्र बरेच दिवस वाटत होतं की याचं अर्धं उत्तर लाकडात आहे. सुपा आणि हल्याळच्या रानातला साग आधी ‘काळी’ नदीच्या अंगाने समुद्राकडे उतरायचा. रेल्वे आली आणि त्याच रानातला साग तोंड फिरवून पूर्वेला, अळणावरकडे जाऊ लागला. ती जुनी वाट सलग बघावी म्हणून डिसेंबरात निघालो. सोबत मावसभाऊ होता. त्याची खानापूर रोडला सॉ मिल आहे आणि लाकूड ओळखण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही.

शुक्रवार: बेळगाव, लोंढा, हल्याळ

सुरुवात त्याच्या मिलमधूनच केली. आवारात परदेशी सागाचे ओंडके रचलेले होते. टोकांवर निळ्या-लाल रंगाचे आकडे. काही घानाचे, काही इक्वेडोरचे. कांडला बंदरात उतरून ट्रकने इथवर आलेले. पश्चिम घाटाच्या तोंडाशी वसलेल्या गावात आफ्रिकेचा साग कापला जातो, हे रोज बघणाऱ्याला काही वाटत नाही. मला वाटलं.

कोपऱ्यात जुनं लाकूड होतं. शहापुरातला एक वाडा पाडला, त्याच्या तुळया आणि खांब त्याने विकत घेतले होते. जुन्या सागाला बेळगावात चांगलं गिऱ्हाईक आहे. एका तुळईवर हात फिरवला, तर वाकसाने तासलेल्या खुणा बोटांना लागत होत्या. करवत न लावता चौकोनी केलेलं लाकूड. एका टोकाजवळ मनगट जाईल एवढं भोक होतं, दुसऱ्या लाकडाचा तुकडा ठोकून बुजवलेलं. ते कशासाठी, हे दोघांनाही सांगता येईना.

भावाने तुळईची एक चकती कापून दिली. "हे बघ की दादा," म्हणत त्याने तिच्या शेजारी परदेशी ओंडक्याची चकती ठेवली. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत जुन्या लाकडात आठ वलयं मोजता आली, नव्यात दोन. जुनं झाड रानात गर्दीत, सावलीत, हळूहळू वाढलेलं. नवं लागवडीतलं, मोकळ्या उन्हात भराभर फुगलेलं. जुन्याचा वास अजून शाबूत होता, कमावलेल्या चामड्यासारखा, किंचित तेलकट. तुळईतून उपटलेला लोखंडी खिळा त्याने माझ्या हातावर ठेवला. वरचं डोकं गंजलं होतं, पण लाकडात बुडालेला भाग जवळजवळ स्वच्छ होता.

त्या खिळ्यात सागाच्या व्यापाराचं मर्म आहे. इंग्रजांची जहाजं ओक लाकडाची असत, आणि ओकमधलं आम्ल लोखंडाला खातं. सागातलं तेल लोखंडाला जपतं, वाळवीला लांब ठेवतं, आणि पाणी-ऊन आलटून पालटून लागलं तरी लाकूड फारसं वाकत नाही. म्हणून १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने तिथल्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या सागाची जहाजं बांधली. १८१७ साली मुंबईत पाण्यात सोडलेली ‘ट्रिंकोमाली’ ही मलबारी सागाची युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे तरंगते आहे. या लाकडाची ओढ एवढी होती की १८०६ मध्ये कंपनी सरकारने मलबारात कॅप्टन वॉटसन नावाचा पोलीस अधिकारी वनसंरक्षक म्हणून नेमला आणि सागाचा मक्ता आपल्याकडे घेतला. झाडावर मालकी सरकारची, तोड सरकारची, भाव सरकारचा. लोक आणि व्यापारी दोघेही इतके गांजले की १८२३ मध्ये मद्रासचा गव्हर्नर थॉमस मन्रो याने ते खातंच बंद केलं. पुढे ते फिरून आलं, आणि कायमचं आलं.

दुपारी निघालो. खानापूर सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रान दाटत जातं. लोंढा जंक्शनवर मुद्दाम थांबलो. हे स्टेशन म्हणजे या गोष्टीतलं वळण आहे. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेची लाईन इथवर आली, आणि १८८८ मध्ये कॅसलरॉकच्या घाटातून मुरगावशी जोडली गेली. धारवाड-हुबळीच्या मालाला समुद्र मिळाला, पण तो पोर्तुगिजांच्या हद्दीतला. कारवार बाजूला पडलं ते तेव्हा.

रेल्वेने आणखी एक गोष्ट केली. ती स्वतःच लाकूड खाऊ लागली. एक मैल रूळ टाकायला १,७६० ते २,००० लाकडी स्लीपर लागत. हे स्लीपर काही वर्षांत कुजत, मग नवे. जहाजांसाठी सरकारला सरळ, जाड, निवडक साग हवा असे. रेल्वेला मात्र जांभा, ऐन असं कठीण लाकूडही चालू लागलं. म्हणजे ज्या झाडांकडे पूर्वी कोणी बघत नव्हतं तीही हिशेबात आली. १८६४ मध्ये वनखातं उभं राहिलं, १८६५ मध्ये पहिला वनकायदा आणि १८७८ मध्ये त्याहून कडक दुसरा आला, त्यामागे रुळांची ही भूक होती.

लोंढ्याहून धारवाडचा रस्ता धरून अळणावरला आलो. दांडेलीचा फाटा इथून फुटतो. स्टेशनवर चहा घेतला आणि अंधार पडायच्या आत हल्याळ गाठलं. मुक्काम मावशीकडे. हल्याळ हे मराठ्यांचं गाव, घराघरात मराठी, बाजारात कानडी, आणि पाव्हण्याला जेवल्याशिवाय सोडायची पद्धत नाही. मावशीला आमच्या प्रवासाचं कारण सांगितलं तर म्हणाली, "लाकूड बघायला एवढं लांब कशाला रे? आमच्या माडीवर बघा की, सगळी शिसवी आणि सागच हाय." बघितली. खरंच होती.

शनिवार: दांडेली

दांडेलीला आज लोक राफ्टिंगला येतात. काळीच्या पाण्यात रबरी होड्या, काठावर रिसॉर्ट. गाव वाढलं ते मात्र लाकडावर. सरकारी लाकूड डेपोत रीतसर परवानगी घेऊन गेलो आणि अर्धा दिवस तिथेच काढला.

डेपो म्हणजे लांबच लांब आवार, त्यात ओंडक्यांचे लॉट. प्रत्येक ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर रंगाने नंबर, लांबी आणि घेर लिहिलेला. जवळून बघितलं तर त्याच तोंडावर हातोड्याचा ठसा दिसतो. वनखात्याच्या हातोड्याच्या डोक्यावर अक्षरं उलटी कोरलेली असतात. घाव घातला की लाकडात सुलटी उमटतात. हा ठसा आणि वाहतुकीचा पास असल्याशिवाय ओंडका नाक्यावरून पुढे जात नाही. दीडशे वर्षांत बाकी बरंच बदललं, पण हातोडा राहिला.

भावाने मला ओंडका मोजायची रीत दाखवली. मध्यावर टेप गुंडाळून घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा करायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. समोरच्या ओंडक्याचा घेर १ मीटर २० सेंटिमीटर, लांबी ५ मीटर. चौथा हिस्सा ३० सेंटिमीटर. हिशेबाने ०.४५ घनमीटर झालं. गोल ओंडक्याचं खरं गणित केलं तर ते ०.५७ च्या आसपास जातं. म्हणजे शेकडा एकवीस-बावीस भाग हिशेबाबाहेर राहतो. गोल लाकूड चौकोनी करताना कडेच्या फळकांडांत आणि भुशात जे जातं, त्याची सूट या रीतीतच धरलेली आहे. इंग्रजांच्या लाकूडबाजारातून आलेली ही रीत आमच्या सुतारांच्या अंगवळणी इतकी पडली आहे की ती बाहेरून आली हे कोणाला सांगूनही पटत नाही.

लिलाव पूर्वी इथेच उभ्याने होत. हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, मिरजेचे व्यापारी आदल्या दिवशी येऊन लॉट बघून ठेवत. भावाचे वडील म्हणजे माझे काका त्यात असायचे. ते ओंडक्याच्या तोंडावर थुंकी लावून बोटाने घासायचे आणि आतला रंग बघायचे, पोकळ वाटला तर कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकून कान लावायचे. आता बोली संगणकावर लागते. माणसं माल बघायला येतात, पण चेहऱ्याला चेहरा लागत नाही. भाऊ म्हणतो, यात दडपशाही कमी झाली. ते खरं असेल.

दुपारी आंबेवाडीचं रेल्वे स्टेशन बघितलं. अळणावर–दांडेली हा फाटा इंग्रजांनी लाकूड काढण्यासाठीच टाकला. त्याआधी पठारावरचा ओंडका पश्चिमेला घाट उतरून जायचा. फाटा पडल्यावर तोच ओंडका वाघिणीत चढून सपाटीने धारवाड-हुबळीकडे जाऊ लागला. बैलगाडीचं किंवा रेड्यांचं जे काम आठवडे खायचं ते एका रात्रीत व्हायला लागलं. मग घाटाकडे कोण बघतं? प्रवासी गाडी १९९० च्या दशकात बंद पडली आणि २०१९ च्या नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाली, तेव्हा गावाने मोठा सोहळा केला होता.

कागद कारखान्याबद्दल न लिहून चालणार नाही. वेस्ट कोस्ट पेपर मिल १९५५ मध्ये स्थापन झाली तेव्हा हा मुलूख मुंबई राज्यात होता. १९५९ मध्ये उत्पादन सुरू झालं तोवर राज्यपुनर्रचना होऊन तो म्हैसूर राज्यात गेला होता. कारखान्याला बांबू हवा होता आणि तो सरकारने नाममात्र दराने दिला. बुरुडाला मात्र तोच बांबू बाजारभावाने घ्यावा लागे. १९७० च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी या जिल्ह्यात बांबूचा अभ्यास केला. बांबू का संपतोय, तर लोकांची गुरं चरतात म्हणून, असं सरकारी उत्तर तयार होतं. गाडगीळ रानात राहिले, गावकऱ्यांशी बोलले, आणि त्यांना वेगळंच दिसलं. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं जाळं असतं. तोड सोपी व्हावी आणि बेट नीट वाढावं म्हणून ते साफ करायची शिस्त खात्यानेच घातली होती. काटे गेले की कोवळा कोंब उघडा पडतो, मग तो गुरं खातात, रानडुकरं खातात, वानरं खातात. गावकऱ्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

रविवार: गणेशगुडी, जोयडा

सकाळी गणेशगुडीला सुपा धरण लांबून बघितलं. १०१ मीटर उंचीची भिंत, मागे डोंगरांच्या बेचक्यांत शिरलेलं निळं पाणी. काळी आणि पांढरी या दोन नद्यांच्या संगमावरचं जुनं सुपा गाव या पाण्याखाली आहे. तालुक्याचं ठाणं होतं ते, वनखात्याचा मोठा मुक्काम. पाणी भरल्यावर ठाणं जोयड्याला गेलं आणि उठलेल्या माणसांपैकी बरीच रामनगरला वसवली गेली. सागाच्या इतिहासातलं एक मुख्य ठिकाण आज नकाशावर निळ्या रंगात आहे, त्यामुळे इथे बघायचं असं काही नाही.

ऐकायला मात्र होतं. जोयड्याजवळच्या एका कुणबी घरात आमची राहायची सोय झाली. मातीची सारवलेली ओटी, मागे सुपारीची चार झाडं. घरच्या वहिनींनी जेवायला उकडलेला कणगा, तांदळाची भाकरी आणि कोकमाची कढी वाढली. या भागातले कुणबी नाना तऱ्हेचे कंद लावतात. कणगा भाजीसारखा नाही, जेवणासारखा खायचा असतो, असं वहिनी म्हणाल्या.

घरातले आजोबा ऐंशीच्या पुढचे. ते त्यांच्या कोकणीत बोलत होते, मधे मधे आमच्यासाठी मराठीत येत होते. त्यांनी स्वतः कूपात कामं केली, वडिलांनी केली, आजोबांनी केली. त्यांचं सांगणं मी जमेल तसं उतरवतो.

कूप म्हणजे त्या वर्षी तोडायला नेमून दिलेला रानाचा तुकडा. पाऊस संपला की ठेकेदाराचा मुकादम गावात यायचा आणि घराघरात उचल द्यायचा. भात घरात आलेलं असायचं, पण पुरणारं नसायचं, म्हणून उचल घ्यावीच लागायची. एकदा घेतली की पावसाळ्यापर्यंत माणूस मुकादमाचा. हातोडा मारलेलं झाड आधी ठरलेलं असे. कुऱ्हाडीने बुंध्याशी खाच घ्यायची, मग विरुद्ध बाजूने करवत. झाड कुठे पडणार हे सांगण्यात आजोबांचे वडील वाकबगार होते. "शेंड्याकडे नाय बघायचं. मुळाकडे बघायचं," ते म्हणाले. उतारावरचं झाड उताराच्या विरुद्ध पाडायचं. खाली पडलं तर चिरतं, आणि चिरलेल्या ओंडक्याची मजुरी कापली जायची.

त्यानंतर ओढणी. मी तुळईतल्या भोकाचं विचारलं, तेव्हा ते हसले आणि हाताची मूठ करून दाखवली. ओंडक्याच्या टोकाला आरपार भोक पाडायचं, त्यातून दोर नाहीतर साखळी ओवायची आणि रेड्यांच्या जोड्या जुंपायच्या. टोक तासून जरा वर उचललेलं ठेवायचं, म्हणजे ते जमिनीत रुतत नाही. उतारावर मागून दोर धरून माणसं उलटी झुकायची. दोर सुटला तर ओंडका रेड्यांच्या पायांवर. असे रेडे मेलेले त्यांनी बघितले आहेत. माणसंही मेली. त्यांनी दोघांची नावं घेतली. ती इथे लिहीत नाही, पण या व्यापाराच्या कुठल्याही दफ्तरात ती नसतील हे नक्की. दफ्तरात घनफूट असतात.

पाण्याचं त्यांनी आज्यांकडून ऐकलेलं सांगितलं. ताजा साग पाण्यात बुडतो. म्हणून मलबारात आणि ब्रह्मदेशात उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि खालचं पांढरं लाकूड गोल कापून झाड उभंच वाळवायची रीत होती. वर्ष-दोन वर्षांनी तोडलं की ओंडका हलका होऊन तरंगतो. ऐन, जांभा यांचं मात्र वाळवूनही भागत नाही. त्यांच्या दोन्ही अंगांना बांबूचे भारे बांधावे लागत. वरच्या अंगाला काळी दगडांतून, धबधब्यांतून उतरते. तिथे लाकूड सोडलं तर फुटायचं. म्हणून ओंडके घाटाने ओढत खाली कद्र्याला न्यायचे आणि तिथे तराफे बांधून कारवारकडे सोडायचे. कद्र्याच्या खाली नदी शांत, खोल, भरती-ओहोटीची.

हे सगळं करणाऱ्या माणसांचं स्वतःचं रान काय झालं? त्यांची कुमरी होती. झुडूप तोडायचं, जाळायचं, राखेत नाचणी पेरायची, दोन-तीन वर्षांनी जागा बदलायची आणि जुनी जागा रानाला परत द्यायची. हल्याळ, सुपा, यल्लापूरचं हे रान १८६२ पर्यंत मद्रास इलाख्यात होतं. तिथला वनसंरक्षक ह्यू क्लेगहॉर्न कुमरीचा कडवा विरोधक. एक झाड वाढायला शंभर वर्षं लागतात आणि हे लोक ते एका दिवसात जाळतात, अशी त्याची बाजू. ती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. पण ज्या वर्षांत कुमरीवर बंधनं आली त्याच वर्षांत रेल्वे आणि गोदीसाठी त्याच रानात कूप पडत होते. रान कोणी खाल्लं याचा हिशेब करताना एकाच बाजूचं माप घेतलं गेलं. कुमरी बंद झाल्यावर पोटासाठी कूपाची मजुरी उरली. खात्याला मजूर हवेच होते. या दोन गोष्टी एकमेकींना किती सोयीच्या पडल्या, ते या ओटीवर बसल्यावर मला उमगलं.

आज या तालुक्याचा मोठा भाग व्याघ्रप्रकल्पात आहे. वाघ वाचला पाहिजे, यात मला शंका नाही. पण ज्यांच्या चार पिढ्यांनी सरकारचा साग खांद्यावरून काढून दिला, त्यांना पडलेली फांदी उचलायला विचारावं लागतं. सीमेपलीकडे गोव्यातले कुणबी २००३ पासून अनुसूचित जमातीत आहेत. जोयड्यातले त्यांचे सोयरे ती मागणी घेऊन अजून उभे आहेत.

संध्याकाळी भाऊ गाडी घेऊन परत गेला. सोमवारी मिल उघडायची होती. जाताना आजोबांच्या पाया पडला आणि म्हणाला, "बाबा होते तेव्हा तुमच्या हातचा माल आमच्याकडे आला असेल." आजोबा म्हणाले, "आला असेल. चांगला होता का?"

सोमवार: अणशी घाट, कद्रा, सदाशिवगड

बसने निघालो. कुंभारवाड्यानंतर रस्ता व्याघ्रप्रकल्पातून जातो, आणि अणशीच्या पुढे घाट लागतो. पठारावरचं पानझडी, सागाचं रान इथे बघता बघता पालटतं. झाडं उंच, काळपट, सदाहरित होतात, साग जवळजवळ दिसेनासा होतो. डोंबाऱ्यांच्या कसरतीसारखी वळणं. खिडकीतून खाली बघताना सारखं एकच मनात येत होतं, की हे उतार माणसांनी ओंडक्यांच्या मागे दोर धरून उतरले.

कद्र्याला उतरलो तर नदी धरणाने अडवलेली. शेजारीच कैगाचा अणुवीज प्रकल्प. तराफे जिथे बांधत असतील तो काठ आता धरणाचा आहे. एका टपरीवाल्याकडून पलीकडचे डोंगर समजून घेतले, चहा प्यालो, पुढची बस धरली. खाली हणकोणपासून काळी रुंद होत जाते आणि सदाशिवगडाच्या पायथ्याशी इतकी मोठी होते की ती खाडी वाटते.

मंगळवार: कारवार

सकाळी सदाशिवगडावरून मुख बघितलं. समोर नदी, पलीकडे कोडीबाग, मग कारवारचा किनारा, बैतखोलचं बंदर, समुद्रात बेटं. पश्चिम किनाऱ्यावर इतकं आडोशाचं बंदर क्वचित असेल. खाली महामार्गाचा जुना पूल २०२४ च्या ऑगस्टात कोसळला, सगळी वर्दळ दुसऱ्या पुलावरून चालू होती.

या जागेचं भाग्य दोनदा उघडता उघडता राहिलं. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्यांची नजर धारवाडच्या कापसावर पडली. तो बाहेर काढायला बंदर हवं, तर सदाशिवगड. मँचेस्टरहून कंपनी आली, घाटांचे रस्ते काढले गेले, आणि १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रासकडून काढून मुंबई इलाख्याला जोडला. आमच्या सीमाभागाच्या वादात कारवारचं नाव येतं त्यातलं एक मूळ हे आहे. १८६५ मध्ये यादवी संपली, अमेरिकेचा कापूस परत आला, कंपनीचा उत्साह ओसरला. बंदराला रेल्वे द्यायची ती दिली गेली नाही. मग १८८८ मध्ये मुरगावची लाईन झाली. लाकूड नदीने येत होतं तोवर कारवारच्या बंदरात फत्तेमाऱ्या, म्हणजे शिडाची गलबतं, भरत होत्या, मुंबईला जात होत्या. तेही पुढे दांडेलीच्या रुळांवर चढलं. कारवारला रेल्वे मिळाली ती कोकण रेल्वेची, १९९० च्या दशकात. हुबळी–अंकोला मार्ग अजूनही झालेला नाही. लोक म्हणतात कारवार मागे पडलं. मला वाटतं, कारवारच्या पाठीवरचा माल एकेक करून दुसरीकडे वळवला गेला, आणि प्रत्येक वेळी निर्णय कारवारात झाला नव्हता.

कोडीबागेला काठावर एक मिस्त्री लाकडी होडीची डागडुजी करत होते. फळीच्या सांध्यात राळ लावलेला कापूस पातळ छिन्नीने ठोकून बसवत होते. मी सागाचं विचारलं. "साग कोणाला परवडतो?" ते म्हणाले. होडी पाटफणसाची होती. बाकी काठावर सगळ्या फायबरच्या.

तिथे बसल्यावर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला आरमाराचा भाग आठवला. आरमाराला साग लागतो तो स्वराज्यातल्या रानातून हुकुमाने तोडावा, कमी पडला तर परमुलुखातून विकत आणावा. आंबा-फणसही उपयोगी लाकूड, पण त्यांना हात लावू द्यायचा नाही, कारण ती झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं जीर्ण झाड तोडायचंच झालं, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा दंडक. जहाजं त्यांनाही बांधायची होती, लाकूड त्यांनाही हवं होतं. पण तोडण्याआधी ज्याचं झाड त्याला विचारायचं, हे त्या कागदात आलं आहे. वॉटसनच्या मलबारात ते नव्हतं, सुप्याच्या कूपात नव्हतं, दांडेलीच्या बांबूत नव्हतं. १९८३ मध्ये शिरसी तालुक्यातल्या सालकणीच्या लोकांनी झाडांना मिठ्या मारून अप्पिको आंदोलन उभं केलं, तेव्हा कुठे घाटातली हिरवी तोड थांबवण्याची भाषा सरकारला करावी लागली.

दुपारनंतर दक्षिणेला नौदलाच्या तळाकडे जाणारा रस्ता बाहेरूनच बघितला. २००५ पासून इथे ‘कदंब’ तळ आहे. किनाऱ्यावर ‘चपळ’ ही जुनी युद्धनौका मुलांना बघायला ठेवली आहे. तिच्या पोलादी अंगावर हात ठेवून शाळेची पोरं फोटो काढत होती. एका शिक्षकांशी बोलणं झालं. म्हटलं, सर, या पोरांना एकदा जोयड्याला न्या, तिथे ऐंशी वर्षांची माणसं अजून आहेत. त्यांनी नंबर घेतला. ते नेतील असं वाटलं.

बुधवार: परतीची वाट

सकाळच्या गाडीने मडगाव, तिथे बदलून लोंढ्याची गाडी. कुळे, दूधसागर, कॅसलरॉक. एका स्टेशनात गाडी बराच वेळ थांबवून ठेवली. मुरगावहून वर चढणारी कोळशाची मालगाडी आधी सोडायची होती. डब्यातले एक काका म्हणाले, इथे मालालाच पहिला मान. वाघिणी मोजायला सुरुवात केली, मधेच चुकलो. जोयड्याच्या आजोबांचं सांगणं टेपवर घेतलं होतं, ते तेव्हाच वहीत उतरवायला बसलो आणि खानापूर येईपर्यंत ओढणीचा भाग लिहून झाला. तराफ्यांबद्दल त्यांना अजून बरंच विचारायचं आहे. शिमग्याच्या आधी परत जातो आहे. हल्याळ, जोयडा, यल्लापूरकडे ज्यांच्या घरात कूपावर काम केलेलं माणूस असेल, त्यांनी त्यांचं बोलणं आत्ताच, याच वर्षी टिपून ठेवावं.